जपानी ठसे आणि वेरूळचें लेणें

पनवेलहून बोरघाट चढून वर गेलें कीं पुढें मळवली लागते. राजा रविवर्म्याचा शिळाछापखाना एके काळीं तेथें होता. त्यांतून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींच्या चित्रांनीं आपल्याकडील देवघरें भरून गेलीं. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभींच तो छापखाना श्लायखर नांवाच्या जर्मन गृहस्थाकडे गेला, आणि स्वतःच्याच चित्रांच्या छपाईवर रविवर्म्याची हुकमत उरली नाहीं. छापलेल्या चित्रावर चित्रकाराचा अधिकार कितपत? हा प्रश्न जपानांतील योशिदा हिरोशी (१८७६–१९५०) या चित्रकारापुढेंही उभा राहिला, आणि त्यानें तो निराळ्या रीतीनें सोडविला.

जपानांत लाकडी ठशांचें चित्र चौघांच्या हातून सिद्ध होई. प्रकाशक द्रव्य पुरवी, चित्रकार रेखाटन करी, कोरणारा चेरीच्या फळीवर तें कोरी, आणि छापणारा प्रत्येक रंगाचा ठसा कागदावर उठवी. होकुसाई व हिरोशिगे यांचीं चित्रें याच परंपरेंतलीं. योशिदा मूळचा तैलरंग व जलरंग यांत काम करणारा. सन १९२० मध्यें तो वातानाबे या प्रकाशकासाठीं ठशांचीं चित्रें रेखाटूं लागला. सन १९२३ च्या भूकंपानंतर लागलेल्या आगींत ते ठसे भस्मसात् झाले. पुढें अमेरिकेच्या प्रवासाहून परतल्यावर, सन १९२५ मध्यें, त्यानें स्वतःचीच चित्रशाळा काढली. कोरणारे व छापणारे त्यानें पदरीं ठेविले आणि त्यांचें कसबही आत्मसात् केलें. आपल्या देखरेखीखालीं निघालेल्या चित्राच्या कडेला तो 'जिझुरी', म्हणजे 'स्वतः छापलेलें', अशी मुद्रा उमटवी.

या हुकमतीचें फळ म्हणजे प्रकाश. सन १९२६ मध्यें त्यानें शिडांच्या गलबतांचे तेच ठसे रंग पालटून छापले, आणि सकाळ, दुपार, धुकें, रात्र अशा निरनिराळ्या वेळा साकार केल्या. एकेका चित्रासाठीं कागद तीस-तीस वेळां ठशांवर पडे. तो केसभर सरकला तरी श्रम व्यर्थ!

सन १९३० च्या अखेरीस तो पुत्र तोशी यासह हिंदुस्थानांत आला. ताजमहाल, काशीचे घाट, कांचनगंगा यांबरोबर आपलीं अजिंठा व वेरूळ येथील लेणींही सन १९३१–३२ च्या त्याच्या ठशांत उतरलीं. आठव्या शतकांतील कैलास लेणें कातळाचा नको तेवढा भाग काढून टाकून घडलें. लाकडी ठसाही तसाच घडतो. कोरणारा काढतो तें कोरें राहतें, राखतो तेंच उमटतें.

वेरूळच्या पाथरवटांचीं नांवें आज कोणास ठाऊक नाहींत. योशिदाच्या चित्रांवरही सही त्याची एकट्याची आहे. हात मात्र अनेकांचे. मग 'स्वतः छापलेलें' ही मुद्रा खोटी म्हणावयाची काय? मला तसें वाटत नाहीं. श्रम अनेकांचे असले तरी गुणदोषांचा जाब देणारा एकच होता, आणि त्या जबाबदारीचीच ती मुद्रा होय. तथापि तें चित्र पाहतांना सहीमागील त्या अनाम हातांनाही मनोमन नमस्कार करणें, हें रसिकाचें कर्तव्य आहे.