वालचंद हिराचंद

वालचंद हिराचंद दोशी (२३ नोव्हेंबर १८८२, सोलापूर – ८ एप्रिल १९५३, सिद्धपूर, गुजरात) हे भारतीय उद्योजक होते. बांधकाम, जहाजवाहतूक, साखर, विमान व मोटार या क्षेत्रांत त्यांनी कंपन्या उभारल्या. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मोटार कंपनी आणि पडीक जमिनीवर वसवलेले वालचंदनगर ही त्यांची विशेष परिचित कामे होत.

पूर्वायुष्य

गुजरातमधून येऊन सोलापुरात स्थायिक झालेल्या दिगंबर जैन व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील हिराचंद नेमचंद यांचा कापसाचा व सावकारीचा व्यवसाय होता. त्या काळी सोलापुरात उद्योग म्हणजे कापड असेच समीकरण होते; आजही अक्कलकोट रोड एमआयडीसीची ओळख चादरी व टॉवेलांच्या कारखान्यांमुळेच आहे. वालचंद मात्र या वाटेने गेले नाहीत. महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून त्यांनी लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेबांधणीची कंत्राटे घेतली. बार्शी लाइट रेल्वेचे काम हे त्यांतील आरंभीचे. पुढे बोरघाटातील बोगद्यांसारखी अवघड कामे त्यांच्या कंपन्यांनी केली. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली.

१९१९ मध्ये त्यांनी नरोत्तम मोरारजी आदींसह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. नरोत्तम हे सोलापूरची ‘जुनी मिल’ काढणाऱ्या मोरारजी गोकुळदास यांचे पुत्र. कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. हा दिवस आता राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

जमीन आणि वसाहत

नाशिक जिल्ह्यातील रावळगाव येथे पडीक माळरान घेऊन त्यांनी प्रथम शेती व नंतर साखर कारखाना उभारला. इंदापूर तालुक्यातील कळंब परिसरात, नीरा कालव्याच्या पाण्यावर, हाच प्रयोग अधिक मोठ्या प्रमाणावर झाला. तेथील साखर कारखाना १९३४ मध्ये सुरू झाला. त्याच्याभोवती कामगारांची घरे, शाळा, दवाखाना व बाजार उभा राहिला आणि या वसाहतीस वालचंदनगर हे नाव मिळाले. जमीन घेऊन तिचे तुकडे विकण्याचा हा व्यवहार नव्हता. उसाचे शेत, कारखाना आणि गाव एकाच मालकीखाली होते. त्यामुळे गावाचे भवितव्य पूर्णतः कंपनीवर अवलंबून राहिले, हेही नमूद केले पाहिजे.

मोटार उद्योग

जनरल मोटर्स कंपनी १९२८ पासून मुंबईत आयात केलेल्या सुट्या भागांची जुळणी करीत असे. वालचंदांना जुळणी नव्हे, तर मोटारीची निर्मिती देशात हवी होती. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनीही अशीच योजना आखली होती व मुंबईतील बाळ गंगाधर खेर यांचे मंत्रिमंडळ तिला अनुकूल होते. १९३९ मध्ये वालचंद अमेरिकेस गेले. फोर्डशी करार जमला नाही. क्रायस्लरने तयारी दाखवली. परंतु महायुद्ध सुरू झाले, खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि केंद्रातील ब्रिटिश सरकारने हा उद्योग युद्धासाठी आवश्यक मानला नाही. बंगळूरला कारखाना काढण्याचा प्रयत्नही सफल झाला नाही.

याच अमेरिका प्रवासात विल्यम पॉली यांच्याशी झालेल्या ओळखीतून डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी निघाली. म्हणजे मोटारीच्या शोधात निघालेल्या वालचंदांच्या हाती विमानाचा कारखाना आधी आला. तोही १९४२ मध्ये सरकारने ताब्यात घेतला.

अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि मार्च १९४७ मध्ये कुर्ला येथील कारखान्यातून पहिली वाहने बाहेर पडली. क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ या गाड्यांची प्रारंभी जुळणीच होत असे. सुटे भाग टप्प्याटप्प्याने देशात बनू लागले. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स १९४२ मध्ये स्थापन झालेली असल्याने ‘पहिली भारतीय मोटार कंपनी’ हे वर्णन प्रीमियरला लावताना जपून लावावे लागते. फियाटशी झालेल्या सहकार्यातून पुढे आलेली ‘पद्मिनी’ मुंबईत टॅक्सी म्हणून घरोघर ठाऊक झाली. ती पाहण्यास वालचंद हयात नव्हते.

अखेरची वर्षे

विशाखापट्टणम येथे सिंदियाच्या गोदीत बांधलेल्या ‘जलउषा’ जहाजाचे जलावतरण १९४८ मध्ये जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. त्यानंतर आजारपणामुळे वालचंद व्यवसायातून निवृत्त झाले. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय व सोलापुरातील वालचंद महाविद्यालय यांना त्यांचे नाव आहे. भारतीय टपाल खात्याने २००४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.