साच्यातली होडी : मद्रासच्या किनाऱ्यावरची डागडुजी

चेन्नईतल्या नुंगंबाक्कमला समुद्र नाही. मरीनाचा किनारा तिथून चार-पाच किलोमीटर पूर्वेला आहे. तरी आजची होडीची गोष्ट मी नुंगंबाक्कमपासूनच सुरू करणार आहे.

तिथे कॉलेज रोडवर हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र आहे आणि त्याच्या आवारात ग्रॅनाइटचा एक जुना खांब उभा आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १७९२ साली इथे वेधशाळा उभारली, तेव्हा ताऱ्यांचे वेध घेणारं यंत्र या खांबावर बसवलेलं होतं. वेधशाळेची इमारत उभी करणारा मायकेल टॉपिंग हा मुळात किनाऱ्याची मोजणी करणारा माणूस. कोरोमंडलचा किनारा, म्हणजे आपला चोळमंडल, त्याने पायाखाली घातला होता. कंपनीला ताऱ्यांची हौस नव्हती. रेखांश चुकला की जहाज खडकावर जातं आणि माल बुडतो, एवढं तिला पक्कं कळत होतं. पुढे १८९९ मध्ये खगोलाचं काम कोडाईकनालला गेलं आणि नुंगंबाक्कमला उरलं ते हवामान. आज वादळ उठलं की मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये ही सूचना याच आवारातून निघते. ती निघाल्यावर किनाऱ्यावर होड्यांचं काय होतं, ते शेवटी सांगतो.

मद्रासला बंदर नव्हतं, हे आपण विसरतो. एवढं मोठं शहर, एवढा व्यापार, पण जहाजं उभी राहायची खोल पाण्यात, आणि मधे असायच्या उसळत्या लाटांच्या ओळी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंदर बांधायला घेतलं आणि १८८१ च्या चक्रीवादळाने ते जवळजवळ तयार असताना मोडून टाकलं. तोवर माणसं, घोडे, साहेब, पेट्या, सगळं किनाऱ्याला लागायचं ते मसुला होडीतून. ही होडी शिवलेली असे. फळ्यांना भोकं पाडून काथ्याच्या दोरीने त्या एकमेकींना शिवायच्या. आत वाक नाहीत, खिळा नाही. लाट आदळली की होडी अंग चोरते, जरा वाकते, पुन्हा सरळ होते. खिळे ठोकलेली ताठ युरोपी होडी त्याच लाटेत फुटायची. आणि दुरुस्ती कशी? टाके उसवायचे, कुजलेली फळी काढायची, नवी बसवायची, पुन्हा शिवायचं. आपल्या आज्या गोधडी उसवून पुन्हा शिवायच्या, तसंच.

दुसरी होडी कट्टुमरम. तमिळमध्ये कट्टु म्हणजे बांधणे आणि मरम म्हणजे झाड किंवा लाकूड. तीन-चार ओंडके दोरीने आवळून बांधलेले, झालं कट्टुमरम. इंग्रजांनी या शब्दाचं कॅटमरान केलं आणि नंतर तो दोन अंगांच्या शर्यतीच्या नौकांना चिकटवला, ज्यांचा या ओंडक्यांशी काही संबंध नाही. कट्टुमरम बुडत नाही, कारण त्यात पाणी भरायला पोकळी नाहीच. किनाऱ्यावर आलं की दोऱ्या सोडायच्या आणि ओंडके सुटे करून वाळवायचे. म्हणजे या होडीची देखभाल रोजची होती, पण ती कोणाला देखभाल वाटतच नव्हती. त्याला फक्त दोरी सोडणं म्हणत.

आता तिसरी होडी, साच्यातली. काच तापवून तिचे केसांहून बारीक तंतू काढायची युक्ती १९३० च्या दशकात अमेरिकेत व्यापारी पातळीवर आली. त्याच दशकात पॉलिएस्टर राळही तयार झाली. १९४२ मध्ये ओहायोतल्या रे ग्रीन नावाच्या माणसाने या दोन्हींपासून होडी केली. तत्त्व सोपं आहे. साच्याला मेण चोळायचं, वर रंगीत जेलकोटचा अर्ध्या मिलिमीटरचा थर द्यायचा, मग काचेच्या तंतूंची चटई आणि राळ, पुन्हा चटई, पुन्हा राळ. राळ कडक झाली की साच्यातून होडी बाहेर. सुताराची रंध्याची नजर इथे लागत नाही. एक चांगला साचा असला की त्यातून कितीही होड्या निघतात.

मद्रासला ही होडी रुजायला वेळ लागला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने १९७९ मध्ये बंगालच्या उपसागरातल्या छोट्या मच्छीमारांसाठी एक कार्यक्रम सुरू केला, त्याचं मुख्यालय मद्रासला होतं. त्यांच्यापुढचा प्रश्न मसुलाचाच होता : बंदर नसलेल्या किनाऱ्यावर लाटेतून आत-बाहेर करील अशी, पण इंजिनाची होडी कशी करायची? ऑयविंड गुलब्रांडसेन या नॉर्वेजियन नौकातज्ज्ञाने त्यावर बरंच काम केलं. वाळूला टेकण्याआधी वर उचलता येईल असा पंखा, उथळ बूड, फायबरचं अंग. सुरुवातीला या होड्या महाग पडल्या. पण पुढे कट्टुमरमचे ओंडके मिळेनासे झाले, मिळाले तर परवडेनासे झाले, आणि छोटी इंजिनं आली. फायबर आपोआप जिंकलं. तमिळनाडूत काही गावांत या होडीला 'मारुती' म्हणतात. समुद्र ओलांडणाऱ्या देवाचं नाव म्हणून आपल्याला आनंद होईल, पण मला संशय आहे की हे नाव १९८३ साली बाजारात आलेल्या मोटारीवरून पडलं असावं.

आता मुद्द्याची गोष्ट. फायबर कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही, म्हणून ते अमर आहे असा एक गैरसमज आहे. विटा, आटपाडी, खानापूरकडून देशभर पसरलेली गलाईवाली मंडळी हे व्याख्यान ऐकत असतील. त्यांना माहीत आहे की सोनं कितीदाही वितळवता येतं. ही राळ तशी नाही. ती एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाही. होडी मोडली तर तिची दुसरी होडी होत नाही. तिला फक्त ठिगळ लावता येतं. म्हणून ठिगळ नीट लावणं हाच या होडीच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

जुन्या फायबर होडीला काय होतं? बुडाखालचा मधला कणा, ज्याला आपल्याकडचे मिस्त्री पठाण म्हणतात, तो वाळूवर ओढून ओढून घासला जातो. जेलकोट गेला की काचेचे तंतू उघडे पडतात आणि पाणी त्या तंतूंच्या कडेकडेने आत शिरतं. कुठे पापुद्रे सुटतात, कुठे फोड येतात. डेकचं दुखणं निराळं. बऱ्याच होड्यांत डेक म्हणजे फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड. कोणीतरी कडी बसवायला स्क्रू मारतो, भोक बंद करत नाही, पाणी आत जातं आणि वरून चकचकीत दिसणाऱ्या डेकच्या पोटात लाकूड कुजून लगदा होतं. त्यावर पाय दिला की ते दबतं, एवढीच खूण.

कारागीर आधी होडी वाजवतो. मडकं घेताना आपण टिचकी मारतो तसं, नाण्याने किंवा छोट्या हातोडीने. खणखणीत आवाज आला तर थर एकजीव आहेत, बद्द आला तर सुटलेत. बद्द आवाजाच्या भागाभोवती खडूची रेघ मारायची. ही रेघ नेहमी फुटलेल्या भागापेक्षा मोठी येते, आणि मालकाचा चेहरा तिथेच पडतो.

मग गोड्या पाण्याने धुणं, कारण मीठ हवेतली ओल ओढतं. मग वाळवणं. आणि सगळं इथेच अडतं. नीट वाळायला दिवस लागतात, कधी आठवडे, आणि तेवढे दिवस होडी कमावत नाही. त्यानंतर घासणं. भोकावर नुसती चटई चिकटवून चालत नाही. नवी होडी करताना थर ओले असतानाच एकमेकांवर पडतात आणि रसायनाने जोडले जातात. जुनी राळ मात्र केव्हाच निवलेली असते, तिच्याशी नवी राळ रसायनाने जवळजवळ जुळतच नाही, नुसती खरखरीत पृष्ठभागाला धरून राहते. म्हणून कडा लांब उतरत्या घासाव्या लागतात, जाडीच्या साधारण बारा पट. अंग ६ मिलिमीटर जाड असेल तर भोकाच्या चहूबाजूंनी ७२ मिलिमीटर. हाताएवढ्या भोकासाठी परातीएवढी जागा खरवडायची. मालकाला वाटतं हा माणूस माझी होडी आणखी फोडतोय. घाईचा कारागीर हे टाळतो, वरून रंग मारतो, आणि ते ठिगळ पहिल्या मोठ्या लाटेत पत्र्यासारखं सुटून येतं.

राळ कडक करायला एक किलोला दहा ते वीस मिलिलिटर उत्प्रेरक लागतो. चेन्नईच्या मे महिन्यात तो कमी घालावा लागतो, नाहीतर डब्यातच राळ तापून दगड होते. राळेत कोबाल्टचं वेगदायी द्रावणही असतं. ते आणि हा उत्प्रेरक थेट एकमेकांत मिसळले तर भडका उडतो, म्हणून एक आधी राळेत पूर्ण ढवळायचं आणि मगच दुसरं घालायचं. काचेची धूळ अंगाला खाजवते, फुप्फुसात जाते, राळेच्या वासाने डोकं चढतं. मसुला शिवणाऱ्याला काथ्याने हाताला घट्टे पडत असतील, पण त्याला तोंडाला मास्क लागत नव्हता. हे प्रगतीच्या हिशोबात कुठेतरी मांडायला हवं.

डेकसाठी वरचा थर कापून झाकणासारखा उचलतात, कुजकं प्लायवूड खरवडतात, वाळवतात, कडांना राळ पाजलेलं नवं प्लायवूड बसवून वरून पुन्हा बंद करतात. स्क्रूचं प्रत्येक भोक आधी राळेने भरून, मग त्यातच बारीक छिद्र पाडायचं. शेवटच्या या पाच मिनिटांवर पुढची पाच वर्षं अवलंबून असतात.

कोकणात आपली दुरुस्ती पावसाशी बांधलेली आहे. होड्या वर ओढायच्या, नारळी पौर्णिमेपर्यंत डागडुजी करायची. महाराष्ट्रातली सरकारी मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै हीच आहे. पूर्व किनाऱ्यावर ती १५ एप्रिल ते १४ जून. पण ती मुख्यतः ट्रॉलर आणि मोठ्या यांत्रिक नौकांना लागू आहे. छोट्या फायबर होडीला ती सक्तीची विश्रांती नाही. ट्रॉलर बंदरात असतात तेव्हाच उलट तिला चार पैसे जास्त मिळायची आशा असते. म्हणजे जिला वाळायला वेळ हवा, तिला पंचांगात वेळच नाही.

आणि मग २६ डिसेंबर २००४ चा रविवार. सुमात्राजवळ सकाळी साडेसहाच्या सुमारास भूकंप झाला आणि नऊच्या आसपास पाणी चेन्नईच्या किनाऱ्यावर आलं. तमिळनाडूत सुमारे ८,००० माणसं गेली, त्यातली सहा हजारांवर एकट्या नागपट्टिनम जिल्ह्यातली. होड्या रस्त्यांवर, भिंतींवर, एकमेकींवर आपटल्या. मदत आली आणि मनापासून आली. पण भरपाईच्या कागदावर दोन रकाने होते, पूर्ण नुकसान आणि अंशतः नुकसान, आणि कुठल्या रकान्यात जायचं हे सगळ्यांना पटकन कळलं. देणगीदारांनाही नवी होडी द्यायची होती. तिच्यावर नाव रंगवता येतं, फीत कापता येते. दुरुस्त केलेल्या होडीची फीत कोण कापणार? किनाऱ्यावर रातोरात फायबरचे कारखाने उभे राहिले, काहींनी थर कमी दिले, काहींनी राळ. काही ठिकाणी होड्या आधी होत्या त्याहून जास्त झाल्या, मासे मात्र तेवढेच. ज्यांना नीट ठिगळ लावून आणखी कित्येक वर्षं चालवता आलं असतं अशा जुन्या होड्या वाळूत पडून राहिल्या. अन्न व शेती संघटनेने नंतर फायबर होडी कशी बांधावी याच्या प्रशिक्षण पुस्तिका काढल्या. त्या आधी हातात असत्या तर बरं झालं असतं, असं मला राहून राहून वाटतं.

या साऱ्याला एक मजेशीर वळण आपल्या बाजूने मिळालं. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या फायबरग्लासच्या कारखान्यात 'म्हादेई' ही शिडाची नौका तयार झाली. लाकडी पट्ट्यांचं अंग आणि त्यावर काच व इपॉक्सीचं कवच. तीच घेऊन कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, असं करणारे ते पहिले भारतीय. आणि त्याच दांडेकरांच्या कंपनीने पुढे नौदलासाठी कोणती होडी केली? शिवलेली! अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून, काथ्याने फळ्या शिवून. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांचे कारागीर टाके घालायला होते. 'कौंडिण्य' या नावाने ती मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झाली. असल्या जहाजाचे नकाशे कोणाकडेच नव्हते, म्हणून तिचं लहान प्रतिरूप पाण्याच्या टाकीत तपासलं गेलं. ते काम झालं चेन्नईच्या आयआयटीत, म्हणजे मसुला ज्या किनाऱ्यावरून नाहीशी झाली त्याच शहरात.

आता सुरुवातीला राखून ठेवलेलं सांगतो. नुंगंबाक्कमहून इशारा निघतो, आणि किनाऱ्यावर माणसं होड्या वर ओढायला धावतात. डिसेंबर २०१६ मध्ये वरदा चक्रीवादळ शहरावर आलं तेव्हाही हेच झालं. कट्टुमरमचे ओंडके सुटे करून माणसं खांद्यावर नेत. फायबरची होडी सुटी होत नाही, ती अख्खी ओढावी लागते, वाळूवरून, कधी डांबरी रस्त्यापर्यंत. दोरखंडाला वीस-पंचवीस माणसं लागतात, घाईत बुडाखाली ओंडका घालायचं राहून जातं. वादळ कधी येतं, कधी वाट बदलून आंध्राकडे सरकतं. होडी वाचते, पण दोन दिवसांनी कोणीतरी तिच्या बुडाखाली वाकून हात फिरवतो, आणि बोटाला काचेचे तंतू लागतात.