धोंडो, केरू, सुपडू आणि चिंधी : वंशावळीतल्या नावांची कुळकथा

सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि महाराष्ट्रभर जुनी दप्तरं उघडली. तहसील कचेऱ्यांतले कागद निघाले, शाळांची जुनी रजिस्टरं निघाली, मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. 'गाव नमुना १४', म्हणजे कोतवालाने ठेवलेलं गावच्या जन्ममृत्यूचं बुक, अनेकांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. जात शोधायला गेलेल्या माणसांना तिथे आपले पणजोबा आणि खापरपणजोबा भेटले. त्यांची नावं होती धोंडू, केरू, दगडू, भिका, उकर्डा, पुंजा, चिंधू, नथू.

मग घरात वंशावळ नीट टाइप करून घेण्याची वेळ येते आणि तिथे हात आखडतो. धोंडूचा धोंडिराम होतो, उकर्डा तर गळूनच जातो. घरातली शिकलेली मंडळी म्हणतात, अडाणी लोक, काहीही नावं ठेवायचे. हा त्या पूर्वजांवर मोठा अन्याय आहे. ही नावं अडाणीपणातून आलेली नाहीत. ती एका दुःखातून आली आहेत, आणि पुष्कळ घरांत त्या दुःखाची तेवढीच एक लेखी खूण उरली आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी दोनशेहून अधिक मुलं वर्षाच्या आतच दगावत. देवी, हगवण, पटकी, धनुर्वात, आणि अधूनमधून दुष्काळ. २०२० पर्यंत महाराष्ट्रात हे प्रमाण हजारी १६ च्या आसपास आलं होतं, त्यामुळे तेव्हाच्या घरांची कल्पना आपल्याला सहज येत नाही. लागोपाठ दोन-तीन मुलं गेलेलं घर गल्लोगल्ली असे. 'तिची मुलं जगत नाहीत' हे वाक्य बाईच्या पाठीमागे कायम असे. औषध हाताशी नव्हतं. जे हाताशी होतं ते आईबापांनी केलं : मुलाला असं नाव द्यायचं की नेणाऱ्याला ते न्यावंसंच वाटू नये. गोऱ्या गालावर तीट लावण्यामागे जो विचार, तोच या नावामागे.

या नावांचे स्पष्ट गट पडतात. पहिला गट दगडाचा. धोंडू, धोंडो, दगडू, धोंडाबाई, दगडाबाई. दगड मरत नाही, दगडाला दृष्ट लागत नाही. दुसरा गट टाकून दिलेल्या वस्तूंचा. केरावरून केरू आणि केरोबा, झाडून काढलेल्या पुंजावरून पुंजा आणि पुंजाजी, फाटक्या कापडावरून चिंधू. तिसरा गट विधींचा, आणि तिथे नाव हे प्रत्यक्ष केलेल्या कृतीची नोंदच असतं.

खानदेशात सुपडू हे नाव ठेवतात. नुकतंच जन्मलेलं मूल सुपात ठेवायचं. सुपात आपण धान्य पाखडतो, फोल उडवतो आणि केर टाकतो. मूल त्या सुपात गेलं की ते नेणाऱ्याच्या लेखी फोल ठरलं. विदर्भातल्या उकर्डा किंवा उकंडा या नावांमागे हीच रीत आणखी पुढे गेलेली दिसते : मूल उकिरड्यावर नेऊन ठेवायचं आणि परत उचलून आणायचं. घरातलं मूल जगत नाही ना? मग हे घरातलं नाहीच, उकिरड्यावर सापडलेलं आहे. काही ठिकाणी आई आपलं मूल शेजारणीच्या ओटीत घाली आणि पसाभर धान्य देऊन तिच्याकडून विकत घेई. नथू नावामागे मुलाचं नाक टोचून त्यात नथ किंवा कडी घालण्याची रीत आहे. मुलग्यांवर काळाची नजर असते अशी समजूत, म्हणून त्याला मुलीसारखं वाढवायचं.

भिका, भिकू, भिकाजी, भिकाबाई ही नावं देवाकडे पदर पसरून मागितलेल्या मुलांची. पण त्यात नुसतं मागणं नाही, करणंही आहे. अशा मुलाचं अंगडं पाच घरी मागून आणलेल्या कापडाचं शिवत, म्हणजे त्याच्या अंगावर घरचं असं काही राहू नये. पुरुषांच्या कानाच्या वरच्या पाळीत दिसणारी भिकबाळी आज लग्नात हौसेने घातली जाते. तिच्या नावात ही भीक अजून शिल्लक आहे. भीक मागून मिळवलेल्या सोन्याची ती बाळी, नवसाच्या मुलाच्या कानात घालायची. पुढे तिच्यात मोती आले, पाचू-माणिक आले आणि ती मानाचा दागिना झाली. मूळ धनी मात्र एखादा भिकाजीच.

सटवाईचा वेगळा मान. मूल जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री ती येऊन कपाळावर नशीब लिहिते, आणि तीच रागावली तर मूल नेते. म्हणून तिलाच मूल वाहून टाकायचं. सटवा, सटवाजी ही नावं त्यातली. जतच्या संस्थानिक डफळे घराण्याचे मूळ पुरुष सटवाजीराव म्हणूनच इतिहासात नोंदले गेले आहेत. म्हणजे ही रीत फक्त गरिबाच्या झोपडीतली नव्हती.

आणि ती फक्त महाराष्ट्राचीही नव्हती. बंगालात एककडी, तिनकडी, पाचकडी ही नावं आढळतात. मूल तेवढ्या कवड्यांना विकत घेतलं, असा त्यांचा अर्थ. पंजाबात जमिनीवरून ओढत नेलेला तो घसीटा. मंगोलियात मुलाला 'नेरगुई', म्हणजे नाव नसलेला, किंवा 'एनेबिश', म्हणजे हा नव्हे, असं म्हणतात. मरण दाराशी आलं तर त्याची ओळख चुकावी. ज्यांची कधी भेट झाली नाही अशा माणसांनी एकाच भीतीवर एकच तोडगा काढला.

मग ही नावं घराण्यात टिकली कशी? आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. नवसाने जगलेला पहिला धोंडो म्हातारा होऊन गेला की त्याचं नाव नातवाकडे येई, आणि या दुसऱ्या धोंडोच्या जन्माच्या वेळी घरात कुणी दगावलेलं असेलच असं नाही. म्हणून वंशावळीत एकच नाव एक पिढी सोडून येत असेल, तर मूळ कथा सगळ्यात वरच्या माणसाची समजावी. पुढच्यांना ते वारशाने मिळालं. वारशाने आलं तेव्हा ते मानाचंही झालं होतं. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं नाव उच्चारताना आपल्याला दगड आठवत नाही. पुण्यातला सगळ्यात लाडका गणपती दगडूशेठ हलवायांच्या नावाने ओळखला जातो. निजामाच्या रझाकारांविरुद्ध उभ्या राहिलेल्या मराठवाड्यातल्या दगडाबाई शेळक्यांनी तर ते नाव सार्थ केलं.

मात्र नुसत्या उच्चारावरून घाई करू नये. दादासाहेब फाळक्यांचं नाव धुंडिराज. ते काशीच्या गणपतीचं नाव आहे, धोंड्याशी त्याचा संबंध नाही. शिवाय पाळण्यातलं नाव एक आणि हाकेचं दुसरं, ही आपल्याकडची जुनी रीत. गणिती केरूनाना छत्रे सगळ्यांना केरो लक्ष्मण म्हणून माहीत आहेत, पण त्यांचं मूळ नाव विनायक. अशा घराण्याची वंशावळ लिहिताना कोतवाल बुकात केरू, आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वहीत विनायक, असं सापडलं तर दोन भाऊ धरण्याची चूक सहज होते. बापाचं नाव, गाव आणि साल जुळत असेल तर आधी तो एकच माणूस समजून पाहावं.

याच नावांना दुसरं एक मूळ आहे आणि ते कडू आहे. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं आणि शूद्राचं तिरस्कार वाटेल असं असावं, हा नियम मनुस्मृतीने घालून दिला होता. त्यामुळे तळच्या जातींच्या घरात कचरू किंवा धोंड्या हे नाव आलं, तर ते नेहमीच आईच्या मायेतून आलं असं म्हणता येत नाही. गावाने त्याहून चांगलं नाव सोसलं नसतं. आणि नाव एकच असलं तरी हाक वेगळी होती. वरच्या आळीतला धोंडो मोठा झाला की धोंडोपंत होई. गावकुसाबाहेरचा धोंडू नातवंडं झाली तरी धोंड्याच राही. दया पवारांचं मूळ नाव दगडू मारुती पवार. १९७८ साली आलेल्या 'बलुतं'मध्ये हा दगडूच आपली कहाणी दया पवारांना सांगतो. एका माणसाच्या दोन नावांमध्ये केवढं अंतर असू शकतं, हे मराठीला त्या पुस्तकाने दाखवलं. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर ज्या घरांत मिलिंद, सिद्धार्थ, राहुल, सुजाता आले, तिथे नाव बदलणं म्हणजे लाज झाकणं नव्हतं. लादलेलं ओझं उतरवून ठेवणं होतं. त्या वंशावळीत आजा कचरू आणि नातू मिलिंद असं शेजारी-शेजारी लिहिलेलं असलं, की मधल्या लढ्याची जाणीव आपोआप होते.

तिसरं मूळ मुलींच्या नावांत आहे, आणि वरवर पाहणाऱ्याला ते पहिल्यासारखंच दिसतं. चिंधू आणि चिंधी यांच्यात एका स्वराचा फरक आहे, पण दोन्ही नावं एकमेकांच्या विरुद्ध टोकाला उभी आहेत. खानदेशातल्या आईने मुलाला चिंधू म्हटलं ते तो जगावा म्हणून. वर्धा जिल्ह्यात एका घरी मुलगी झाली तेव्हा तिला चिंधी म्हटलं गेलं ते ती नको होती म्हणून. हीच चिंधी पुढे हजारो अनाथ मुलांची माई झाली, सिंधुताई सपकाळ. त्या हे नाव आणि त्यामागचं कारण भाषणांतून स्वतः सांगत.

नकोशी, नकुशी, नकुसा ही नावंही याच वाटेची. धोंडू नाव ठेवणारा देवाला विनवतो, हे मूल नेऊ नकोस. नकोशी नाव ठेवणारा सांगतो, असं मूल पुन्हा देऊ नकोस. एकात प्रेम लपवलेलं आहे, दुसऱ्यात नकार उघड मांडलेला आहे. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभाने नवी नावं देण्यात आली. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. म्हणजे नकोशी म्हणायची वेळही येऊ न देण्याचं तंत्र तोवर हाताशी आलं होतं. धोंडू हे नाव मागे पडलं कारण मुलं जगू लागली. नकोशी मात्र फक्त नाव बदलून मागे पडणार नाही.

मुलींचा विषय निघालाच आहे, तर वंशावळींची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. छापील कुलवृत्तांत असोत, तीर्थोपाध्यांच्या वह्या असोत की दक्षिण महाराष्ट्रात पिढ्या तोंडपाठ सांगणारे हेळवी असोत, भर पुरुषांच्या नावांवरच राहिला. लग्नात सुनेचं नाव बदलायची रीत, त्यामुळे भिकाबाई सासरी येऊन लक्ष्मीबाई झाली आणि तिच्या जन्माची कथा माहेरीच राहिली. आपल्या आजीचं पाळण्यातलं नाव किती जणांना ठाऊक आहे? ते सांगू शकणारी एखादी आत्या किंवा मावशी अजून हयात असेल, तर तिच्याकडे लवकर जावं.

वंशावळीत असं एखादं नाव सापडलं तर त्याच्या वरच्या ओळी नीट पाहाव्यात. भावंडांमध्ये पाच-सहा वर्षांचं अंतर पडलंय का? नमुना १४ मध्ये त्याच बापाच्या नावापुढे आधीच्या वर्षांत मृत्यूच्या नोंदी आहेत का? फार लहानपणी गेलेल्या मुलाच्या रकान्यात बहुतेकदा नावही नसतं, फक्त मुलगा की मुलगी एवढंच असतं. अशा दोन-तीन बिननावाच्या नोंदी आणि त्यांच्यानंतर आलेला एक धोंडू, हे सगळं जुळलं की त्या घरात काय घडलं ते कळतं. ज्यांना नाव मिळायलाही सवड झाली नाही, त्या मुलांची कुळात राहिलेली शेवटची साक्ष म्हणजे हा धोंडू.

म्हणून एवढीच विनंती. वंशावळ लिहून काढताना ही नावं सुधारू नका. नको असलेलं नाव स्वतः बदलायचा अधिकार जिवंत माणसाला आहे, पण मेलेल्या माणसाचं नाव आपण बदलू नये. उकर्डा असेल तर उकर्डाच लिहा, चिंधी असेल तर चिंधीच लिहा. पुढे ऊर्फ लावून दुसरं नाव माहीत असेल तर तेही लिहा, आणि ते का ठेवलं हे घरात कुणाला आठवत असेल तर एका ओळीत तेही नोंदवा. पुढच्या पिढीला तुमच्याकडून या कुळाची जी खरी माहिती मिळेल, तिच्यातली सगळ्यात मोलाची ओळ ती असेल.