लाइव्ह झाल्यानंतर : प्रस्तावना

संकेतस्थळ कसे बांधावे हे शिकवणारी पुस्तके, व्हिडिओ आणि क्लास आता हवे तेवढे आहेत. साइट लाइव्ह झाली की त्यांचा अभ्यासक्रम संपतो. हे पुस्तक तिथून सुरू होते. बांधलेले पान सगळ्यांना नीट दिसते का, ज्याला हवे त्याला ते सापडते का, आणि पाच वर्षांनी ते त्याच पत्त्यावर असेल का, हे तीन प्रश्न या अभ्यासाचा गाभा आहेत. या क्षेत्रात नव्याने पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाचे, मग तो संगणकशास्त्राचा विद्यार्थी असो वा गावच्या वाचनालयाची साइट सांभाळणारा ग्रंथपाल, मनापासून स्वागत.

कंपन्यांमध्ये चाचणी, प्रसार आणि देखभाल ही या प्रश्नांमागची कामे वाटून दिलेली असतात. टेस्टिंगची टीम निराळी, मार्केटिंगची निराळी, आणि देखभाल ज्याच्या गळ्यात पडेल त्याची. अभ्यास म्हणून पाहिले तर मात्र ती वेगळी काढता येत नाहीत, असे माझे ठाम मत आहे, आणि पुस्तकाची मांडणी त्याच मतावर उभी आहे.

याचा धडधडीत पुरावा मराठीतच आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आणि पुढेही काही वर्षे मराठीतली अनेक संकेतस्थळे आपापल्या फॉन्टवर चालत. वाचकाने आधी तो फॉन्ट उतरवून घ्यायचा, संगणकात बसवायचा आणि मग बातमी वाचायची. पडद्यावर ‘क’ दिसला तरी फाइलमध्ये साठवलेला असे तो एखाद्या रोमन अक्षराचा किंवा चिन्हाचा संकेतांक. फॉन्ट नसला की ती चिन्हेच समोर येत. ज्या संगणकावर पान बनले तिथे ते झकास दिसे, म्हणून तिथल्या चाचणीत दोष सापडत नसे. पानावर मराठी मजकूर आहे हे सर्च इंजिनला कळतच नसे, म्हणून नवा वाचक येत नसे. पुढे फॉन्ट मागे पडला की वर्षानुवर्षांचा मजकूर जागेवर असूनही वाचता येईनासा होई. चूक एकच, पण तिने चाचणी, प्रसार आणि देखभाल तिन्ही एकदम नासवली. यावरचा उपाय तेव्हाही होता: प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र संकेतांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणाच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला तो युनिकोडमध्ये, आणि म्हणूनच त्यातला जुना मजकूरही आज शोधता येतो.

युनिकोड आले म्हणजे सगळे सुटले असे नाही. ‘ॲप’ हा शब्द घ्या. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आले. त्याआधी लोक ‘अ’ टाइप करून त्यावर चंद्र चढवत, आणि आजही कित्येक कीबोर्डवर तसेच होते. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती भिन्न आहेत, आणि युनिकोडच्या नियमांत त्यांना समान मानण्याची तरतूदही नाही. तेव्हा साइटवरच्या शोधपेटीत एका रूपात शब्द टाकला आणि लेखात तो दुसऱ्या रूपात असला, तर ‘काही सापडले नाही’ असे उत्तर मिळते. हा दोष इंग्रजीत चाचणी करणाऱ्याला जन्मात दिसणार नाही. तसेच फॉर्ममधल्या रकान्याचे. युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना-मात्राही स्वतंत्र चिन्हे असतात. नावासाठी पन्नास बाइटची मर्यादा ठेवलेली असेल तर सोळा चिन्हे मावतात आणि सतरावे मधोमध तुटते. इंग्रजीत ऐसपैस वाटणाऱ्या त्या रकान्यात नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव लिहिणारी मराठी मुलगी अडकते.

पानाच्या सुरुवातीला भाषा कोणती हे सांगणारी एक छोटी खूण असते. मराठीसाठी ‘एम-आर’ ही दोन अक्षरे. पुष्कळ मराठी पानांवर ती नसते, किंवा तिथे हिंदीची खूण असते. ती योग्य असेल तर काही फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाने दाखवतात, आणि अंध वाचकाचा स्क्रीन रीडर मराठी आवाज निवडू शकतो. सुगम्यतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे १९९९ पासून आहेत, भारत सरकारने आपल्या संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शिका काढली, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या विषयाला कायद्याचा आधार दिला. तरीही आपल्याकडे हा भाग ‘वेळ उरला तर’ या खात्यात जातो. या पुस्तकात तो चाचणीच्या पहिल्याच प्रकरणात आहे.

चाचणी केव्हा करायची याचे उत्तर अमेरिकेने महागात शिकून ठेवले आहे. १ ऑक्टोबर २०१३ रोजी तिथले आरोग्य विम्याचे सरकारी संकेतस्थळ, हेल्थकेअर डॉट गव्ह, सुरू झाले आणि पहिल्या दिवशी नोंदणी पुरी करू शकलेली माणसे होती सहा. कंत्राटदारांनी पुढे तिथल्या काँग्रेससमोर सांगितले की सगळे भाग जोडून अथपासून इतिपर्यंतची चाचणी उद्घाटनाआधीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत झाली. चाचणीला नेहमीच मोठा फौजफाटा लागतो असेही नाही. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० साली मांडले की पाच माणसांना साइट वापरताना शांतपणे पाहावे, दोष दुरुस्त करावेत आणि पुन्हा पाच माणसांना बसवावे. पाच या आकड्यावर नंतर पुष्कळ वाद झाला. पाहण्याची शिस्त मात्र कोणी खोडलेली नाही, आणि लहान संस्थेला ती परवडते.

प्रसाराबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण त्यावर आधीच गरजेपेक्षा जास्त लिहिले जाते. गूगलचा पाया १९९८ मध्ये ज्या कल्पनेवर रचला गेला ती अशी, की ज्या पानाकडे इतर चांगली पाने बोट दाखवतात ते पान महत्त्वाचे. तेव्हापासून खोट्या लिंक पेरणाऱ्यांचा धंदा चालू आहे, आणि तो शिकवणे हा या पुस्तकाचा हेतू नाही. नेमके शीर्षक, खरा सारांश, साइटमॅप आणि मराठी वाचक कित्येकदा रोमन लिपीत मराठी टाइप करून शोधतो याचे भान, एवढ्याने लहान साइटचे बरेच काम भागते. एक चूक मात्र मुद्दाम सांगतो. चाचणी चालू असताना सर्च इंजिनांनी आत येऊ नये म्हणून रोबॉट्स फाइलमध्ये मनाई लिहिलेली असते. साइट लाइव्ह करताना ती काढायची राहिली, तर जाहिरातीवर कितीही खर्च करा, सर्च इंजिने मजकूर वाचत नाहीत.

देखभाल हा या क्षेत्राचा सर्वांत उपेक्षित आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग. जालाचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच बजावले होते की पानाचा पत्ता बदलावा लागतो तो बहुधा आधी विचार न केल्यामुळे. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत २०१३ सालच्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. २००९ मध्ये याहूने जिओसिटीज ही मोफत पाने ठेवू देणारी सेवा बंद केली तेव्हा हौशी लोकांनी बनवलेली असंख्य पाने मूळ पत्त्यांवरून गेली. जी आज पाहता येतात ती इंटरनेट आर्काइव्हसारख्यांनी धावपळ करून जपली म्हणून.

आपल्याकडे साइट बंद पडण्याची कारणे बहुधा साधीच असतात. डोमेन कोण्या उत्साही कार्यकर्त्याच्या खासगी ईमेलवर घेतलेले असते, तो नोकरीनिमित्त परगावी जातो, रिन्यू करण्याची सूचना त्याच्या न उघडलेल्या मेलमध्ये पडून राहते, आणि मुदत उलटून सुटलेला पत्ता कोणी जुगाराच्या जाहिरातींसाठी विकत घेतो. साहित्य मंडळाच्या जुन्या अंकात छापलेला पत्ता मग भलतीकडेच घेऊन जातो. साइटशी होणारी जोडणी सुरक्षित ठेवणारी लेट्स एन्क्रिप्टची मोफत प्रमाणपत्रे ९० दिवसांच्या मुदतीने सर्वत्र रुळली. त्यांचे नूतनीकरण आपोआप होते खरे, पण ते झाले का हे कोणीतरी पाहावे लागते. बॅकअप घेतला जातो, पण तो परत चढवून पाहिलेला नसतो, आणि तसा बॅकअप ऐनवेळी उघडेल याची खात्री कोण देणार? पाने हलवायचीच असतील तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचे वळण कसे द्यावे, यासाठी या पुस्तकात एक पूर्ण प्रकरण ठेवले आहे.

पुढे जाण्यापूर्वी एक काम करावे अशी विनंती आहे. आपली शाळा, ग्रंथालय, पतसंस्था किंवा मंडळ, यांपैकी एकाचे संकेतस्थळ निवडा. ते स्वस्तातल्या फोनवर, मोबाइल डेटावर उघडा. शोधपेटीत ‘ॲ’ असलेला शब्द दोन्ही प्रकारे टाकून पाहा. जुन्या लेखांतल्या लिंक दाबा. डोमेन कोणाच्या नावावर आहे आणि त्याची मुदत कधी संपते, हे पदाधिकाऱ्यांना विचारा आणि मिळालेली उत्तरे तारखेसह एका वहीत उतरवून ठेवा. पहिल्या प्रकरणातली उदाहरणे त्या वहीतल्या नोंदींवर करून पाहायची आहेत.