रंगवलेली सावली आणि पडलेली सावली

भयपटातील भय कथानकातून निष्पन्न होते की प्रतिमेतून, हा प्रश्न जर्मन मूकपटांच्या संदर्भात केवळ तंत्राचा राहत नाही; तो अर्थनिर्णयनाचा होतो. रॉबर्ट वीने यांच्या ‘डॉ. कॅलिगरीचे कॅबिनेट’ (१९२०) या चित्रपटासाठी हेरमान वार्म, वाल्टर राइमान व वाल्टर रोरिग यांनी तिरप्या भिंतींचे, टोकदार खिडक्यांचे नेपथ्य रचले आणि प्रकाशाचे पट्टे व सावल्या त्यावरच रंगवल्या. रंगवलेली सावली कोणत्याही वस्तूची नसते. दिवा हलला तरी ती हलत नाही. त्यामुळे घटना घडण्यापूर्वीच भय अवकाशात मुरलेले असते.

झीगफ्रीड क्राकाउअर यांनी १९४७ च्या आपल्या ग्रंथात या चित्रपटाच्या चौकटकथेवर बोट ठेवले. निवेदक फ्रान्सिस वेडा ठरताच सत्ताधाऱ्यावरील आरोप निष्प्रभ होतो आणि बंडखोर कथा शरणागतीची होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. संहितेपुरते ते ग्राह्य ठरते. प्रतिमेची साक्ष मात्र वेगळी आहे. विकृती ही वेड्याची दृष्टी असेल, तर त्याची कथा संपताच जग सरळ व्हावयास हवे. प्रत्यक्षात अखेरच्या प्रसंगातही वेड्यांच्या इस्पितळाचे आवार तेच, जमिनीवर रंगवलेल्या रेषांसह, समोर येते. निवेदन इस्पितळाच्या संचालकाला निर्दोष ठरवते. नेपथ्य त्या निवाड्यावर शिक्कामोर्तब करीत नाही.

एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांच्या ‘नोस्फेरातू’मध्ये (१९२२) स्थळे खरी आहेत : विस्मार व ल्युबेक ही शहरे, ओरावाचा किल्ला. परिचित जगच येथे परके होते. घोडागाडीच्या प्रवासात निगेटिव्ह प्रतिमेमुळे झाडे पांढरी दिसतात. अखेरीस जिना चढते ती काउंट ओर्लोकची सावली, आणि एलेनच्या हृदयावर मूठ आवळली जाते तीही सावलीचीच. ही सावली पडलेली आहे. तिच्यामागे देह आहे, दिवा आहे, म्हणून ती जवळ येऊ शकते. पहिल्या चित्रपटात भय स्थितिरूप होते. येथे ते गतिरूप होते.

जॅक टूर्नर यांच्या ‘कॅट पीपल’मध्ये (१९४२) जलतरण तलावाच्या प्रसंगी देहही नाहीसा होतो. भिंतींवर पाण्याचे हलते प्रतिबिंब, अंधार आणि गुरगुर एवढेच उरते. श्वापदाची सिद्धता प्रेक्षकाच्या मनावर सोपवली जाते.

या तीन टप्प्यांकडे तंत्राची प्रगती म्हणून पाहणे अपुरे आहे. भयाचा पुरावा कोठे ठेवायचा, याविषयीचे हे तीन निर्णय आहेत. केवळ कथानक वाचणारी समीक्षा कथेतील निवाडा मुकाट्याने स्वीकारते. सावली वाचणाऱ्या समीक्षेला तो निवाडा पुन्हा खुला करता येतो.