मोटारींतील नाद व निनाद

आमची मोटार दहा वर्षांची जुनी. तिच्याविषयीं आमची तक्रार कधीं नव्हती, कारण तिच्याकडून आमची अपेक्षाहि फारशी नव्हती. परंतु गतवर्षीं आमच्या भाच्याच्या मनानें असें घेतलें कीं, मामांच्या गाडींत गाणें नीट ऐकूं येऊं नये ही गोष्ट गाण्याची आवड असलेल्या घरास शोभत नाहीं. त्यानें चार नवे स्पीकर आणविले, मागच्या डिकींत खर्जासाठीं एक पेटी बसविली, आणि एके संध्याकाळीं आम्हांस पुढील आसनावर बसवून भीमसेनांचा दरबारी कानडा लावला. गाडी उभी होती तोंवर सर्व ठीक होतें. ती रस्त्यास लागतांच प्रथम तंबोरा नाहींसा झाला. मग गांधाराचें तें आंदोलन चाकांच्या घरघरींत बुडालें. आणि तबल्याच्या बायांवर हात पडला कीं डाव्या दाराचा पत्रा आपली स्वतंत्र साथ करूं लागला. भाच्यानें आवाज वाढविला, पत्र्यानेंहि वाढविला.

दुसऱ्या दिवशीं ज्या कारागिराकडे आम्ही गेलों त्यानें यंत्राकडे पाहिलेंसुद्धां नाहीं. बोटाच्या पेरानें त्यानें दारावर टक्‌टक् केलें, क्षणभर कान दिला आणि म्हणाला, "साहेब, हा पत्र्याचा डबा आहे. ह्यांत कसलाहि स्पीकर घाला, वाजणार डबाच." मोटारींतील संगीताचा इतिहास म्हणून जो सांगण्यांत येतो तो बहुधा यंत्रांचा असतो. या माणसाच्या वाक्यानें आमच्या ध्यानांत आलें कीं, खरा झगडा पत्र्याशीं होता, आणि तो यंत्रांच्या इतिहासांत फारसा येतच नाहीं.

आरंभींच्या मोटारी उघड्या असत. अमेरिकेंत १९१९ सालीं विकल्या गेलेल्या गाड्यांपैकीं शेंकडा सुमारें १० बंद होत्या. १९२७ पर्यंत तें प्रमाण शेंकडा ८५ च्या घरांत गेलें. वाऱ्यावर स्वार झालेल्या माणसास गाणें ऐकविण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. गाडीस भिंती व कांचा आल्या, ती एक लहानशी खोली झाली, आणि मग खोलींत जें हवें तें तिच्यांतहि असावें असें माणसास वाटूं लागलें.

शिकागोच्या पॉल गॅल्व्हिन यानें १९३० सालीं ही वासना पुरविली. त्याचा धंदा मंदीनें डबघाईस आला होता. विल्यम लिअर व एल्मर वेव्हरिंग या दोघां तरुणांच्या साह्यानें त्यानें एका स्टूडबेकर गाडींत रेडिओ बसविला आणि ती हांकीत अॅटलँटिक सिटीस, रेडिओ-कारखानदारांच्या संमेलनास, नेली. आंत दुकान मांडण्यास जागा नव्हती. म्हणून त्यानें गाडी बाहेर उभी केली आणि येणाऱ्याजाणाऱ्यास रेडिओ ऐकवूं लागला. त्या यंत्रास त्यानें 'मोटोरोला' हें नांव दिलें. पुढें त्याच्या कंपनीचेंहि तेंच नांव झालें. किंमत सव्वाशें डॉलरांच्या आसपास; आणि त्या काळीं फोर्डची नवी कोरी गाडी पांचशें डॉलरांच्या आंतबाहेर मिळत असे! कर्जाच्या आशेनें गॅल्व्हिननें एका बँकवाल्याच्या पॅकार्ड गाडींत आपला रेडिओ बसवून दिला आणि अर्ध्या तासांत ती गाडी पेटली, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, त्या काळच्या बसविण्याच्या कामाची कल्पना तीवरून येते.

तें काम म्हणजे एक शस्त्रक्रियाच होती. रेडिओच्या नळ्यांस शंभराहून अधिक व्होल्टांचा दाब लागे आणि गाडीची बॅटरी अवघी सहा व्होल्टांची. तेव्हां निराळ्या बॅटऱ्यांची एक रास तळाच्या फळ्यांखालीं दडवावी लागे. एंजिनांतील प्रत्येक ठिणगी हीच मुळीं एक लहानशी रेडिओ-लहर असल्यामुळें गाणें चालू असतां कडकड चाले; तिला आळा घालण्यासाठीं ठिणगीच्या तारांत रोधक बसवावे लागत. आणि लहरी पकडणारी तार? ती छताचें कापड उसवून त्याखालीं पसरीत. असें एक यंत्र बसविण्यास दोन माणसांस कित्येक दिवस लागत. युरोपांत ब्लाऊपुंक्ट कंपनीनें १९३२ मध्यें काढलेला पहिला रेडिओ सुमारें १५ किलो वजनाचा होता व त्याची किंमत मोटारीच्या किंमतीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी होती. चालकाचें चित्त विचलित होऊन अपघात होतील, सबब या खुळास कायद्यानें बंदी करावी, असेहि प्रस्ताव अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्‌स व सेंट लुइस येथें पुढें आले होते.

छताच्या कापडाखालीं तार पसरतां येई, याचें कारण तें छत मध्यभागीं कापडाचेंच असे. लाकडाच्या चौकटीवर ताणलेलें व वरून रोगण दिलेलें. जनरल मोटर्सनें १९३५ च्या आपल्या गाड्यांस सबंध एका पत्र्याचें पोलादी छत दिलें. गाडी मजबूत झाली, पावसाची भीति गेली. पण एका पत्र्यानें दोन गोष्टी केल्या. पोलादाखालीं रेडिओ-लहरी पोंचेनात, म्हणून तारेस घराबाहेर पडावें लागलें. ती कधीं पायफळीखालीं गेली, कधीं पुढील बाजूस काठीसारखी उभी राहिली. आणि दुसरें असें कीं, कापडी छत कंप गिळून टाकीत असे, पोलादी छत नगाऱ्यासारखें घुमूं लागलें. संगीताची सोय व्हावी म्हणून ज्या खोलीची योजना, ती खोलीच एक वाद्य होऊन बसली, आणि तेंहि बेसूर.

येथें थोडें पदार्थविज्ञान सांगितल्यावांचून गत्यंतर नाहीं. आवाज अडविणें व पत्र्याचा निनाद मारणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि बाजारांत त्यांची सर्रास गल्लत होते. आवाज अडविण्यास वजन लागतें. आडपडद्याचें वजन दुप्पट करावें तेव्हां कोठें पलीकडचा आवाज सुमारें ६ डेसिबलांनीं उतरतो. मोटारीस हा उपाय फार महाग. निनादास मात्र वजनापेक्षां चिकटपणा अधिक मानवतो. पितळेच्या परातीवर टिचकी मारा, ती घणघणते. तिला खालून भिजलेल्या कणकेचा गोळा चिकटवून पुन्हां मारा, ती 'थप्' म्हणून गप्प बसते. परातीची कंपनशक्ति कणकेंत उष्णतेच्या रूपानें जिरून जाते. कारखानदारांनीं हेंच काम नमदा व डांबर यांजकडून करविलें. पुढें डांबराच्या चकत्या गाडीच्या तळावर मांडून ती रंगाच्या भट्टींत घालावयाची, म्हणजे चकत्या वितळून आपोआप चिकटतात, अशी युक्ति निघाली. जर्मनींत हेर्मान ओबेर्स्ट यांनीं १९५२ सालीं अशा थराचें गणित मांडलें. १९५९ मध्यें अमेरिकेच्या एडवर्ड कर्विन यांनीं असें दाखविलें कीं, चिकट थरावर धातूचें एक पातळ पांघरूण घातलें तर तो थर दोहोंमध्यें चुरडला जाऊन कितीतरी अधिक कंप जिरवितो. आज बाजारांत अॅल्युमिनियमचा वर्ख लावलेल्या ब्यूटिल रबराच्या ज्या काळ्या चादरी मिळतात त्या या तत्त्वाचीच संतति होत.

यंत्रांचा इतिहास मात्र आपल्याच धुंदींत पुढें धांवला. १९५५ सालीं क्रायस्लर व फिल्को यांनीं नळ्या काढून टाकून सर्वस्वी ट्रान्झिस्टरांचा मोटार-रेडिओ काढला. पुढल्याच वर्षाच्या गाड्यांत क्रायस्लरनें पीटर गोल्डमार्क यांचा चालत्या गाडींत तबकड्या वाजविणारा फोनोग्राफ दिला. त्याच्या तबकड्या इतक्या मंद गतीच्या कीं त्या घरच्या बहुतेक यंत्रांवर चालत नसत, आणि घरच्या तबकड्या त्यावर चालत नसत. तो प्रयोग लवकरच बुडाला. १९३० सालचे ते लिअर यांनीं १९६५ मध्यें आठ पट्ट्यांची चुंबकीय फीत मोटारींत आणली. तिच्यामागून कॅसेट, १९८४ पासून चकत्या. या प्रवासांत शहाणपणाचें एक पाऊल आमच्या मतें १९८३ चें. बंगालमधून गेलेल्या एका क्रांतिकारकाचे पुत्र, मॅसॅच्युसेट्‌सच्या तंत्रविद्यापीठांतील प्राध्यापक अमर बोस, यांच्या कंपनीनें जनरल मोटर्ससाठीं जी योजना केली तींत गाडीची अंतर्रचनाच वाद्यगृह मानून तिच्या मोजमापाप्रमाणें ध्वनियंत्र बेतलें होतें. आधीं खोली पाहा, मग वाद्य निवडा; आमचा कारागीर निराळें काय सांगत होता?

आपल्या देशांत फियाट किंवा अॅम्बॅसेडर घेणारा रेडिओ बहुधा बाहेरच बसवून घेत असे. त्यामुळें येथें ही विद्या कारखान्यांत न वाढतां गल्लींतील दुकानांत वाढली. आमच्या कारागिरानें दाराचें आंतील आवरण उतरविलें, पत्रा पुसून स्वच्छ केला, आणि चादरीचे तुकडे लाटण्यासारख्या लहान रुळानें दाबून बसविले. सारा पत्रा मढविण्याचा त्यानें हट्ट धरिला नाहीं. ठोकून पाहून जेथें तो घुमे तेथेंच तुकडा लावी. आंतील पत्र्यांतील मोठीं भगदाडें त्यानें बंद केलीं, कारण स्पीकरच्या पाठीमागची लाट त्यांतून पुढें येऊन पुढल्या लाटेस मारते व खर्ज पोकळ होतो. दाराच्या बुडाशीं पावसाचें पाणी जाण्यास असलेलीं भोंकें मात्र त्यानें उघडीं ठेविलीं. तीं बुजविलीं तर दार आंतून गंजतें. २०० वॉट शक्ति १२ व्होल्टांच्या बॅटरींतून ओढावयाची म्हणजे १६ अँपिअरांहून अधिक प्रवाह, म्हणून त्यानें जाड तार घातली आणि फ्यूज बॅटरीच्या लगत ठेविला. गॅल्व्हिनच्या त्या बँकवाल्याची आम्हांस या वेळीं आठवण झाली.

आतां तंबोरा ऐकूं येतो. आवाज मात्र आम्हीं पूर्वीच्या निम्म्यावर आणला आहे. ज्यांची पेटी सबंध आळीस ऐकूं जावी अशीच ज्यांची इच्छा असते त्यांच्याविषयीं आम्ही बोलत नाहीं. त्यांजकरितां २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, आणि वसतीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादाहि आहे.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांनीं या इतिहासास एक चमत्कारिक वळण दिलें आहे. एंजिनाचा आवाज गेला तशी त्याच्या आड लपलेली चाकांची व वाऱ्याची कुरकुर उघडी पडली, आणि आंतून चादरी लावण्याचें काम कमी न होतां उलट वाढलें. बाहेर मात्र भलतेंच झालें. मंद गतीनें येणारी अशी गाडी पादचाऱ्यास, विशेषतः अंधास, ऐकूंच येईना. तेव्हां युरोपांत २०१९ पासून नव्या नमुन्यांस व २०२१ पासून सर्वच नव्या विजेच्या मोटारींस, ताशीं २० किलोमीटरपर्यंतच्या वेगांत, मुद्दाम आवाज करणें कायद्यानें भाग पाडलें आहे. शंभर वर्षें खपून जो आवाज दाबला तो आतां स्पीकर लावून बाहेर काढावयाचा!

आमच्या जुन्या गाडीस असला स्पीकर नाहीं, आणि तिला अजून तेलाचें एंजिन आहे, हें आम्ही आमचें भाग्य समजत होतों. मागील आठवड्यांत भाच्यासह सायंकाळीं घरीं येत असतां चौकांत तांबडा दिवा लागला. कांचा वर होत्या, दरबारी मंद्रांत उतरला होता. आमच्या बाजूस एक वृद्ध गृहस्थ काठी टेंकून उभे होते. त्यांचे ओठ हलत होते, त्यांनीं एकदां कांचेवर बोटांनीं वाजविलें असावें, कारण बोटें हललेलीं आम्हीं पाहिलीं. शब्द एकहि ऐकूं आला नाहीं. आम्ही कांच खालीं करीपर्यंत हिरवा दिवा लागला, मागची गाडी ओरडूं लागली, आणि भाच्यानें गाडी पुढें काढली. ते काय विचारीत होते हें आम्हांस अद्यापि ठाऊक नाहीं.