कायदा, दवाखाना आणि घराचा उंबरठा

विवाह ही घरची गोष्ट आणि आजारपणही घरचीच गोष्ट, अशी आपल्या समाजाची फार जुनी समजूत. राजाने चोरांचा बंदोबस्त करावा, सारा वसूल करावा. मुलीचे लग्न कोणत्या वर्षी करावे आणि बाळंतिणीजवळ कोणी बसावे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवावे. ही समजूत गेल्या दीडशे वर्षांत मोडत गेली. सरकार आपल्या घरात दोन वाटांनी आले, एक कचेरीची आणि दुसरी इस्पितळाची. या दोन वाटा कोठे मिळाल्या, कोठे एकमेकींस आडव्या गेल्या, आणि त्यात सामान्य कुटुंबाचे काय झाले, याचा विचार आज आपणास करावयाचा आहे.

आरंभ मुंबईतील एका गाजलेल्या खटल्याने करू. रखमाबाईंचे लग्न त्यांच्या अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. परंतु त्या नांदावयास गेल्या नाहीत. त्यांच्या आईने पुनर्विवाह केलेला असून सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे नामांकित वैद्यकतज्ज्ञ होते. त्यांच्या घरी रखमाबाई वाढल्या, शिकल्या. १८८४ साली दादाजींनी पत्नीचा ताबा मिळावा म्हणून हायकोर्टात दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. असला दावा हिंदू धर्मशास्त्रात नाही, तो विलायतेतून येथे आलेला आहे, असा त्यांचा अभिप्राय होता. अपिलात तो निकाल फिरला आणि १८८७ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की, रखमाबाईंनी पतीकडे जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगात. गंमत अशी की, या कारणासाठी तुरुंगात घालण्याची शिक्षा खुद्द इंग्लंडने १८८४ सालीच रद्द केली होती! जे धर्माचे रक्षण म्हणून आपले लोक उचलून धरीत होते, ते वस्तुतः इंग्रजांनी टाकून दिलेले जुने हत्यार होते. अखेर १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढच्याच वर्षी रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या; डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरतेस व पुढे राजकोटास त्यांनी स्त्रियांच्या इस्पितळांत हयात घालविली. कचेरीच्या वाटेने जिच्या घरात सरकार शिरले, तीच इस्पितळाच्या वाटेने हजारो घरांत गेली.

त्या काळी अशा डॉक्टरणीची निकड किती होती, हे आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रावरून दिसते. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, आणि योग्य उपचारांअभावी दहाच दिवसांत मूल गेले. त्या दुःखातून त्या अमेरिकेस गेल्या व १८८६ साली डॉक्टर झाल्या. परपुरुषाने नाडी पाहावी हे घराला मंजूर नाही आणि बाई डॉक्टर मिळत नाही, अशी कोंडी होती. ती फोडण्यासाठी १८८५ साली लेडी डफरिन यांचा निधी निघाला आणि १८८६ साली मुंबईत पेस्तनजी होर्मसजी कामा यांच्या देणगीतून उभारलेले कामा इस्पितळ सुरू झाले. तेथे स्त्रियांवर स्त्रियाच उपचार करीत. या इस्पितळास कोणी धर्मबुडवे म्हटले असेलही, पण बायका तेथे गेल्या. कारण तेथे त्यांना लाज वाटावी असे काही नव्हते.

कायद्याचे मात्र तसे झाले नाही. १८९० साली कलकत्त्यास फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संगाने मरण पावली. दंडसंहितेत संमतीचे वय दहा होते, म्हणून बलात्काराचा आरोप नवऱ्यावर ठेवता येईना. १८९१ च्या मार्चमध्ये ते वय बारा करण्यात आले. त्यावरून पुण्यामुंबईत केवढे वादळ उठले! डॉ. भांडारकर आणि न्यायमूर्ती तेलंग कायद्याच्या बाजूने. लोकमान्य टिळक विरुद्ध. टिळकांना बालविवाह प्रिय होते असे समजण्याचे कारण नाही. परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, सुधारणा आम्हीच करू, हा त्यांचा पक्ष होता. त्या पक्षाला मान होता. पण फुलमणीला वाट पाहण्यास वेळ नव्हता, हेही विसरता येत नाही.

एवढ्या गदारोळाने झालेल्या कायद्याचे पुढे काय झाले? सर मोरोपंत जोशी यांच्या समितीने १९२८-२९ साली देशभर चौकशी केली, तेव्हा हा कायदा लोकांना जवळजवळ ठाऊकच नाही असे आढळले. शिवाय जन्माची नोंद नाही, तर मुलीचे वय सिद्ध कसे व्हावे? मग हरबिलास सारडा यांचा कायदा झाला: मुलीस चौदा, मुलास अठरा. तो १९२९ च्या सप्टेंबरात मंजूर झाला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. मधल्या सहा महिन्यांत काय झाले असेल, हे चाणाक्ष श्रोत्यांनी ताडलेच असेल. लग्नांची एकच झुंबड उडाली. कडेवरच्या मुलीही बोहल्यावर चढल्या, आणि १९३१ च्या शिरगणतीत विवाहित बालिकांची संख्या वाढलेली दिसली! कायद्यात दातही नव्हते. कोणी खाजगी फिर्याद केली तरच खटला, तीही वर्षाच्या आत, वर फिर्यादीकडूनच शंभर रुपयांपर्यंत तारण. आणि झालेले लग्न कायम. शेजाऱ्याच्या मांडवातील जेवण सोडून शंभर रुपये भरण्यास कोण जाणार?

स्वराज्यात वय वाढत गेले: १९४९ साली पंधरा, १९७८ साली अठरा. २००६ च्या कायद्याने प्रतिबंधक अधिकारी नेमण्याची सोय झाली. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी शेकडा २३ जणींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे २२ होते. अशी लग्ने हौसेने थोडीच होतात? उसाच्या तोडीला आईबाप गेले म्हणजे वयात आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर ठेवावी, हा त्यांच्यापुढचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर दंडसंहितेत नाही, वसतिगृहात आहे.

आता दोन्ही वाटा एकमेकींस आडव्या कशा जातात ते पाहा. २००५ साली इस्पितळात बाळंतपण व्हावे म्हणून जननी सुरक्षा योजनेतून पैसे मिळू लागले. परंतु महाराष्ट्रासारख्या राज्यांत आईचे वय एकोणीस पूर्ण हवे, अशी अट होती. हेतू चांगला होता, कमी वयाच्या लग्नास उत्तेजन मिळू नये. परिणाम असा की, जिच्या जिवास सर्वांत अधिक धोका, तिलाच मदत नाही! लग्न ठरविले बापाने आणि शिक्षा भोगली लेकीने. ती अट २०१३ साली काढण्यात आली. तोवर २०१२ चा बालकांच्या लैंगिक संरक्षणाचा कायदा आला होता. त्याप्रमाणे अठराच्या आतील गरोदर मुलगी आली तर डॉक्टरने पोलिसांस कळविलेच पाहिजे. कायदा मुलींच्या रक्षणासाठीच आहे. पण जावई तुरुंगात जाईल या भीतीने सासर-माहेर दोन्ही तिला दवाखान्यापासून लपवू लागले, तर ते रक्षण कोणाचे? २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचे नाव, तिने विनंती केल्यास, डॉक्टरने उघड न करण्याची मुभा दिली, ती याच जाणिवेने.

या इतिहासाचा आम्ही एवढाच अर्थ घेतो. कायदा नको असे नव्हे. फुलमणीच्या नावाने तो हवाच. पण ज्या कायद्यामागे जन्माची नोंद, जवळची शाळा आणि भरवशाची डॉक्टरीण उभी नाही, तो कागदावर राहतो, किंवा दुबळ्याच्याच पाठीवर पडतो. म्हणून यापुढे विवाहाचा कोणताही नियम पुढे आला की आपण नागरिकांनी एक प्रश्न अवश्य विचारावा: हा नियम झाल्यावर अडलेली पोर दवाखान्याच्या दाराशी अधिक निर्भयपणे येईल, की दारावरूनच मागे फिरेल?